आभाळाचा गडगडाट आणि आमची मुले

वळिवाचे दिवस सुरू झाले म्हणजे आमच्या कचेरीत जिल्ह्याजिल्ह्यांतून एक ठरावीक बातमी येऊ लागते. पाऊस आला म्हणून अमुक गावच्या शिवारात चौघे झाडाखाली थांबले, झाडावर वीज पडली, दोघे जागीच गेले, त्यांत शेळ्या राखणारा एक मुलगा होता, पंचनामा झाला. बातमी चार ओळींची असते आणि आतल्या पानावर बाजारभावांच्या शेजारी कोठे तरी तिला जागा मिळते. शीर्षकही ठरलेले असते: काळाचा घाला, निसर्गाचा कोप, दैवदुर्विलास. अशी शब्दयोजना करणाऱ्यांत आम्हीही आलोच, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण दैव हा शब्द एकदा छापला की चौकशी संपते. पूल कोसळला तर कंत्राटदार कोण होता हे लोक विचारतात. आगगाडी घसरली तर चौकशी समिती बसते. वीज पडून मूल दगावले तर मात्र कोणीच कोणास काही विचारीत नाही. पावसात ज्या झाडाखाली ते मूल धावत गेले ते झाड म्हणजे आसरा नव्हे, हे त्याला कोणी कधी सांगितले होते काय, एवढा एक प्रश्न जरी विचारला गेला, तरी दैवाच्या माथी मारलेला बराच दोष माणसांकडे परत येईल.

हा दोष लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या नोंदींनुसार वीज पडून आपल्या देशात २०२१ साली २,८८० माणसे मेली, तर २०२२ साली २,८८७. म्हणजे वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला आठ. निसर्गाच्या प्रकोपाने जे मृत्यू घडतात त्यांत इतर कोणत्याही एका कारणापेक्षा विजेचे बळी अधिक, एक तृतीयांशाहूनही जास्त. पूर आला की त्याची छायाचित्रे येतात, मंत्र्यांची विमाने घिरट्या घालतात. वीज मात्र एक-एक, दोन-दोन माणसे उचलते आणि म्हणून तिचा हिशेब कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. २५ जून २०२० रोजी एकट्या बिहारमध्ये एका दिवसात ८०हून अधिक माणसे विजेने गेली, तेव्हा कोठे देशाचे लक्ष क्षणभर तिकडे वळले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुसरीकडे गेले.

यावर आमचा शहरी वाचक म्हणेल, की हे सारे शेतकऱ्यांचे दुःख झाले. आमची मुले सिमेंटच्या इमारतींत राहतात, त्यांना विजेचे भय कसले? मरणाऱ्यांत खेड्यांतील, उघड्यावर राबणारी माणसे फार मोठ्या संख्येने असतात हे खरेच आहे आणि केवळ तेवढ्यासाठीही हा अग्रलेख लिहावा लागला असता. परंतु शहरी वाचकाची ही निश्चिंतीही निराधार आहे. वळीव कोसळतो तो एप्रिल-मेच्या दिवसांत, दुपार कलल्यावर, म्हणजे नेमका ज्या वेळी शहरातली मुले सुटीसाठी आजोळी गेलेली असतात आणि आमराईत हुंदडत असतात त्या वेळी. जी गावी जात नाहीत ती मैदानावर, पोहण्याच्या तलावावर किंवा गच्चीवर असतात. थोडी मोठी झालेली सह्याद्रीच्या गडांवर असतात. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यानजीक एका टेहळणीच्या मनोऱ्यावर पावसाची मौज पाहण्यास गेलेल्या लोकांवर वीज पडली आणि ११ जण मृत्युमुखी पडले. ती माणसे शेत नांगरण्यासाठी तेथे गेली नव्हती. आमच्या घरांतली तरुण मुले दर रविवारी जशी एखाद्या बुरुजावर जाऊन उभी राहतात, तशीच तीही उभी होती.

मुलांना आपण याविषयी काय सांगतो? आभाळ गडगडले की म्हातारी हरभरे भरडते आहे, असे आजी सांगत असे. ही कल्पना गोड आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. भेदरलेल्या नातवाला कुशीत घेऊन निजविण्यास ती पुरेशी होती आणि ती सांगताना नातू घरात होता, हेही विसरता कामा नये. भांडण आहे ते दुसऱ्या एका समजुतीशी. पायाळू माणसावर वीज पडते ही ती समजूत होय. आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेल्या मुलाला ती बिचाऱ्याला जन्मभर भ्यावयास लावते आणि डोके आधी घेऊन आलेल्या बाकी सर्वांना निष्कारण निर्धास्त करते. वीज जन्मपत्रिका पाहत नाही, ती उंची पाहते. माणूस कोणत्या नक्षत्रावर जन्मला यापेक्षा तो या क्षणी कोठे उभा आहे, यावर सारे अवलंबून असते.

ते कसे, हे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही समजेल. उन्हाने तापलेली जमीन आपल्यावरच्या हवेला तापविते, ती बाष्पाने भरलेली हवा वेगाने वर चढते आणि दुपारी कापसासारखा दिसणारा ढग तास-दोन तासांत पंधरा किलोमीटरपर्यंत उंच वाढतो. एव्हरेस्टच्या दीडपटीहून ही उंची अधिक झाली. इतक्या उंचीवर भर वैशाखातही कडाक्याची थंडी असते. ढगाच्या पोटात बर्फाचे बारीक, हलके स्फटिक वर जात असतात आणि जड, मऊ गारा खाली येत असतात. त्यांची परस्परांशी टक्कर होते. या टकरींत गारांकडे ऋण प्रभार येतो, स्फटिकांकडे धन प्रभार जातो आणि ढगाचे दोन भाग जणू एकमेकांविरुद्ध सज्ज होतात. लोकरीच्या कपड्यावर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तो खेळ मुलांनी केलेलाच असतो. तोच खेळ येथे मैलोगणती विस्तारावर चाललेला असतो. आषाढ-श्रावणात कोकणात दिवसेंदिवस संततधार लागते, तरी कडकडाट फारसा ऐकू येत नाही, वळिवाच्या अर्ध्या तासाच्या सरीत मात्र आभाळ फाटल्यासारखे वाटते, याचे कारणही येथेच आहे. संततधारेचे ढग सहसा इतके उंच चढत नाहीत आणि त्यांतली हवाही तितक्या जोराने वर धावत नाही. पुढे परतीच्या पावसात, आश्विनाच्या सुमारास, ते उंच ढग पुन्हा दिसू लागतात.

आता मुलांनी, आणि मोठ्यांनीही, नीट समजून घ्यावी अशी गोष्ट येते. वीज केवळ वरून खाली पडते, हा समज अपुरा आहे. ढगातून एक अंधूक वाट सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी चाचपडत खाली उतरते. ती जमिनीच्या जवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंतून तिला भेटण्यासाठी ठिणग्या वर झेपावतात. झाडातून, खांबातून, मंदिराच्या कळसातून, आणि मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यातूनही. यांतली जी ठिणगी प्रथम भेटते, तिच्यामधून सारा प्रवाह वाहतो. तो हजारो अँपिअरचा असतो. त्याची वाट क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एवढी तापलेली हवा एकदम फुगते, त्या धक्क्याचा आवाज म्हणजेच गडगडाट. एकटे झाड या ठिणगीला सर्वांत सोयीचे आणि झाडाखालचा माणूस त्याहूनही सोयीचा; कारण खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून प्रवाह सुलभपणे जातो, म्हणून तो खोड सोडून बाजूला उडी घेतो. खोडाला न टेकता चार पावले दूर उभे राहिले तरी सुटका नाही. प्रवाह मुळांतून जमिनीत पसरतो आणि त्या वेळी जमिनीच्या दोन ठिकाणांमध्ये विजेच्या दाबाचा फरक असतो. दोन पावलांत अंतर असेल तर प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरांची तर चारी पावले दूर-दूर असतात. २०१६च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या एका पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वादळात मरून पडले होते. प्रत्येकावर निराळी वीज पडली असे नव्हे. जमिनीनेच त्यांचा घात केला. आमच्याकडे एका झाडाखाली पाच-पाच शेळ्या आणि त्यांचा गुराखी एकदम जातात, ते असेच.

हे सर्व कळावयास नवे शास्त्र लागते असेही नाही. आभाळातली वीज आणि प्रयोगशाळेतली ठिणगी एकच, हे फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून १७५२च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये प्रयोगाने दाखविले गेले आणि पतंगाची प्रसिद्ध कथाही त्याच वर्षाची. (मराठी भाषेने तर या दोहोंना मुळी दोन नावेच दिली नाहीत, तारेतली वीज तीच, आभाळातलीही तीच.) हा पतंग मुलांना रंगवून सांगितला जातो. दुसऱ्याच वर्षी, १७५३ साली, सेंट पीटर्सबर्ग येथे असाच प्रयोग करताना रिचमन नावाचा शास्त्रज्ञ विजेने मेला, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. ज्याने पतंगाची गोष्ट सांगितली त्याने रिचमनचीही सांगितलीच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

शाळेत हा विषयच नाही, असे आम्ही म्हणत नाही. विज्ञानाच्या पुस्तकांत स्थितिक विद्युत आहे, तडितरक्षकाची आकृती आहे, विद्यार्थी ती सुबक काढतात आणि तिचे गुणही मिळवितात. परंतु आकृतीला पैकीच्या पैकी गुण मिळविणारा तोच विद्यार्थी संध्याकाळी सर आली की सायकल आंब्याच्या बुंध्याला टेकवून तेथेच उभा राहतो. त्याला शिकवावयाची गोष्ट एका वाक्याची आहे: गडगडाट ऐकू आला की घरात जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास घरातच राहा. पावसाची वाट पाहावयाची नाही. पाऊस पडत असतो तेथून दहा-पंधरा किलोमीटर दूर, कोरड्या जागीही वीज पडू शकते. आणि ज्या ढगाचा आवाज आपल्या कानी येतो त्याची वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ असते. लखलखाट आणि आवाज यांमधले सेकंद मोजून त्यांस तीनाने भागले की वीज किती किलोमीटर दूर पडली हे कळते, हा हिशेब मुलांना अवश्य शिकवावा. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. मोजण्यात गुंतलेले मूल भीत नाही, आणि प्रकाश व ध्वनी यांच्या वेगांतला फरक त्याला जन्मभर लक्षात राहतो. मात्र हा हिशेब घरात बसून करावयाचा. बाहेर उभे राहून ‘अजून दूर आहे’ असे म्हणण्यासाठी तो नव्हे.

घर कशाला म्हणावयाचे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भिंती आणि छप्पर असलेली, वीज व नळ यांची जोडणी असलेली पक्की इमारत हा खरा आसरा. प्रवाह आला तर तारांतून नि नळांतून जमिनीत जाण्यास त्याला वाट असते. म्हणूनच अशा वेळी नळाखाली हात धुणे, अंघोळ करणे, तारेच्या उपकरणांना हात लावणे किंवा खिडकीच्या गजांना धरून मौज पाहणे टाळावे. बसथांब्याची शेड, मैदानावरचा तंबू, देवळापुढचा उघडा मंडप, शेतातली खोप यांनी पाऊस अडतो, वीज अडत नाही. काचा मिटलेली मोटार चांगली, पण ती रबरी चाकांमुळे नव्हे. तिचा पत्र्याचा सांगाडा प्रवाहाला बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतो म्हणून. दुचाकीला हा लाभ नाही, हे शहरात शाळेला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ठाऊक हवे. खिशातला मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूतही खोटी आहे. उलट, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजेचा वेध घेणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारून ‘दामिनी’ नावाचे जे साधन सिद्ध केले आहे, ते त्याच मोबाईलवर आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत कोठे वीज पडते आहे ते दाखविते. हवामान खातेही पुढच्या तीन तासांचे जिल्हावार अंदाज देत असते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर हे अंदाज पोहोचतात काय आणि पोहोचले तर त्यांचे होते काय, हा प्रश्न आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांकडे सोपवितो.

आसरा मुळीच नसेल, माळावर गाठ पडली असेल, तर काय? तेव्हा पूर्ण सुरक्षित असा उपायच नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. एकटे झाड, उंचवटा, पाणवठा, तारेचे कुंपण यांपासून दूर व्हावे; घोळका असेल तर पांगावे; आणि धावत पक्क्या घराची वाट धरावी. अगदीच गत्यंतर नसेल तर दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पण उकिडवे बसण्याचे चित्र भिंतीवर लावून आपले कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. तो शेवटचा तोडगा आहे आणि वेळेवर घरी गेलेल्याला त्याची गरज पडत नाही.

शाळेच्या इमारतींचा प्रश्न याहून निराळा आणि अधिक कटू आहे. जून २०११मध्ये युगांडातील किर्यांडोंगो जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेवर वीज पडून वर्गात बसलेली १८ मुले आणि त्यांचे शिक्षक मरण पावले. मुले मैदानावर नव्हती, झाडाखाली नव्हती. जेथे असावयास हवीत तेथेच होती. पुढे त्या देशातील शाळांवर तडितरक्षक बसविण्याचे काम तज्ज्ञांनी हाती घेतले. ते आधी का झाले नाही, या प्रश्नाला उत्तर नव्हते. आपल्याकडे माळरानावरच्या एकाकी, पत्र्याच्या वा कौलांच्या शाळा किती आहेत, हे जिल्हा परिषदांना ठाऊक असलेच पाहिजे. शहरांतल्या जुन्या शाळांवर सळया दिसतात. पण छपरावर सळई दिसली म्हणजे काम झाले असे नाही. तिच्यापासून जमिनीपर्यंत जाणारी पट्टी तांब्याची असते आणि तांबे ही चोरांच्या नजरेत भरणारी वस्तू आहे. मधली पट्टी तुटलेली वा नाहीशी झालेली सळई असून नसल्यासारखीच, किंबहुना अधिक धोक्याची. आणि ती धड असली तरी इमारतीपुरतीच. शाळेसमोरच्या मैदानाला तिचे कवच मिळत नाही.

शिक्षणाने खरोखर काही फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. अमेरिकेत १९४३ साली वीज पडून ४३२ माणसे दगावली होती. लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढूनही अलीकडे तेथील आकडा वर्षाला तीसच्याही खाली आला आहे. याचे सारे श्रेय शिकवणुकीला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेतावर राबणारी माणसे कमी झाली, घरे पक्की झाली, वैद्यकीय मदत लवकर मिळू लागली, ही कारणे मोठी आहेत. तरीही गडगडाट होताच आत जाण्याचा संदेश तेथे मुलांच्या तोंडी बसविला गेला आणि सामने थांबविण्याची शिस्त खेळाडूंनी स्वीकारली, हे मान्य करावेच लागेल. आमच्याकडे मात्र आभाळ गरजत असता आंतरशालेय चषकाची शेवटची दोन षटके उरकून घेणारा पंच हा व्यवहारचतुर समजला जातो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी शिकावयास हवी. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहते, त्याला शिवल्यास आपल्यालाही धक्का बसेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात आणि तेवढ्यात तो जातो. अंगाला शेण लावून त्याला खड्ड्यात पुरल्याच्या बातम्या छत्तीसगढमधून येऊन फार वर्षे लोटलेली नाहीत. वस्तुतः त्या शरीरात कणभरही वीज उरलेली नसते. विजेचा आघात झालेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात. जे मरतात त्यांचे बहुधा हृदय आणि श्वास बंद पडलेला असतो. अशा वेळी छातीवर दाब देऊन व कृत्रिम श्वास देऊन आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जे घडू शकते, ते दुसऱ्या कोणत्याही उपचाराने घडत नाही. अनेक जण एकदम पडले असतील तर जे निश्चल पडले आहेत त्यांच्याकडे आधी धावावे. कण्हणारा सहसा जगतो.

हे सारे शिकविण्यास एक तास पुरे. तो केव्हा घ्यावयाचा एवढाच प्रश्न आहे, आणि तेथेच आमच्या वेळापत्रकाची गोम आहे. आपत्तीविषयीचे जे काही सांगावयाचे ते शाळा जूनमध्ये उघडल्यावर सांगितले जाते. तोवर वळिवाचे दोन महिने उलटून गेलेले असतात. हा तास सुटी लागण्यापूर्वी, परीक्षांच्या धामधुमीतून एक दुपार काढून, प्रत्येक शाळेने घ्यावा आणि परतीच्या पावसाआधी, सप्टेंबरच्या आरंभी, त्याची उजळणी करावी. शिक्षण खात्याने तसा आदेश काढावा. जिल्हा परिषदांनी आणि महापालिकांनी होळीच्या सुमारास आपापल्या शाळांवरील सळया व त्यांच्या पट्ट्या तपासून घ्याव्यात. आमच्यापुरते सांगावयाचे तर, वीज पडून झालेल्या मृत्यूच्या बातमीवर यापुढे या पत्रात दैवदुर्विलास हा शब्द येणार नाही. त्याऐवजी बातमीदारांना आम्ही दोन गोष्टी विचारून घेण्यास सांगितले आहे: गडगडाट केव्हापासून ऐकू येत होता आणि जवळची पक्की इमारत किती अंतरावर होती.